काठी मधोमध का थरथरते

ती. ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (आठही अंगं जमिनीला टेकवणं आता जमत नाही. पाच टेकतात, सहावं टेकवलं तर मला उठवायला माणूस लागतो. उरलेली मनाने टेकवली आहेत, ती पोचती समज.)

ताजी बातमी आधी सांगतो. तुझी काठी आज सकाळी पुन्हा मोडली. बातमी पक्की आहे. समोरच्या दातांच्या डॉक्टरने तिला दुजोरा दिलेला आहे. त्याने दुजोरा देण्याचं कारण असं, की काठीचा एक तुकडा लाकूड कातायच्या लेथवर राहिला आणि दुसरा गल्ली ओलांडून त्याच्या उघड्या खिडकीतून थेट आत गेला. इजा कुणालाही झाली नाही. खुर्चीत एक गृहस्थ होते आणि डॉक्टर बराच वेळ त्यांना तोंड आणखी उघडा, अजून थोडं उघडा म्हणून विनवत होता. तुकडा शेजारच्या भिंतीवर आपटला तेव्हा त्यांनी ते एवढं उघडलं, की डॉक्टर म्हणतो, अक्कलदाढ स्वतःहून पुढे आल्यासारखी दिसली. दाढ निघाली. जाताना त्या गृहस्थांनी माझी चौकशी केली म्हणे. कोणत्या हेतूने केली ते कळलं नाही, पण मी दार लावून घेतलं आहे.

आता तब्येतीचं. तुझा खुबा कसा आहे? फोनवर विचारलं की तू ‘बरा आहे’ म्हणतेस आणि भाची लगेच फोन काढून घेते, कारण तुझी व्यायामाची वेळ झालेली असते. (मी कधीही फोन केला तरी तुझी व्यायामाची वेळ झालेली असते. एवढा व्यायाम पैलवानसुद्धा करत नाहीत.) शिवाय ती फोनचा आवाज मोठा करून ठेवते, त्यामुळे तिकडे तिचं सगळं घर ऐकतं आणि इकडे तुझी भावजय माझ्या खांद्यावरून ऐकते. अशा भरसभेत माणूस हवापाण्याशिवाय काय बोलणार? म्हणून हे पत्र. पत्र खांद्यावरून वाचणारं माणूस एकच, आणि तिचा चष्मा मी सध्या लपवून ठेवला आहे.

इकडे सगळे खुशाल. माझी कंबर होती तिथेच आहे. तुझ्या भावजयीचे गुडघे कुरकुरतात, पण तिची मुख्य तक्रार गुडघ्यांची नाही. ती म्हणते, ताई गेल्यापासून या घरात भांडायला कुणी उरलं नाही. मी म्हटलं, मी आहे की. तर म्हणाली, “तुमच्याशी भांडणं म्हणजे उशीला गुद्दे मारणं. ताई कशा, एक शब्द टाकला की दोन परत यायचे.” हे तुला कळवायला तिने सांगितलेलं नाही. मीच कळवतो आहे, कारण तू गेल्यापासून ती चहा अजून तीन कप टाकते आणि तिसरा कुणी प्यायचा यावर आमचं रोज बोलणं होतं. (मीच पितो. पित्त त्यामुळेच आहे.)

तर काठीची हकीकत. तू लेकीकडे चार दिवस राहून येते म्हणून पिशवी घेऊन गेलीस, न्हाणीघरात घसरलीस आणि खुबा मोडून घेतलास, त्याला आता अर्धं वर्ष होत आलं. हाड जुळलं. भाची म्हणाली, “मामा, हाडांचे डॉक्टर म्हणतात, आई काठी धरून एकटी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली की ती कुठेही जायला मोकळी. पण ती भिंत सोडत नाही. नाहीच सोडली तर तिने आता कायम इथेच राहायचं, असं आमचं ठरलंय. महिनाअखेर टेम्पो पाठवते, तिचं सामान देऊन टाका.” मला सामानाचं काही ऐकू आलं नाही. काठी एवढंच ऐकू आलं. मी छाती पुढे काढून म्हटलं, काठी मी करून पाठवतो, बाजारातली आणू नकोस. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

माझंही काय चुकलं सांग. ज्या लेथवर पलंगाचे आणि टेबलांचे पाय कातून आप्पांनी आपल्याला वाढवलं, त्याच लेथवर मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून आपण दोघांनी हौसेखातर काय काय कातलं नाही! वाडगे, भोवरे, कपाटाच्या मुठी, डब्यांची झाकणं (डबे जमले नाहीत, झाकणं जमली). आपल्या हातची मूठ नसलेलं कपाट या गल्लीत उरलेलं नाही. ज्यांच्याकडे कपाट नव्हतं त्यांना आपण नुसती मूठ दिली. तेव्हा एक साधी काठी म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ, असं मला वाटलं. हत्यार माझ्या हातात, लाकूड माझ्यासमोर फिरतं, शेजारीपाजारी येऊन बघतात ते मला. म्हणजे कातारी मीच, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. तू काय, मागे उभी असायचीस.

पहिल्यांदा घोडं पेंड खायला लागलं ते धारेपाशी. तू लावून ठेवलेली धार काही दिवस पुरली. नळ जाणार म्हणून भरून ठेवलेलं पाणी पुरवावं तशी मी ती पुरवली. मग एके दिवशी गोल पटाशी लाकूड कापायचं सोडून कुरतडायला लागली. लांब रिबिनीसारख्या ढलप्या निघायच्या त्या जागी नुसता भुसा. (तू म्हणायचीस, रिबीन निघाली तर काम कर, भुसा निघाला तर मला हाक मार. मी हाकही मारली. सवयीने मारली. भावजय स्वयंपाकघरातून म्हणाली, “जरा मोठ्याने मारा, त्या दुसऱ्या गावात आहेत.”)

सायकलवरून फिरणाऱ्या धारवाल्याला बोलावलं. त्याने पटाशी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, “काका, ही चमच्यासारखी का आहे?” मी म्हटलं, ती तशीच असते. तो म्हणाला, “छे, वाकलीय. सरळ करून देतो.” मी नको म्हणेपर्यंत एक कोपरा सरळ झालेला होता. मग दातांचा डॉक्टर धावून आला. त्याच्याकडे बारीक फिरणारी चाकं असतात ना, दात घासायची. भला माणूस आहे. त्याने पटाशी आपल्या खुर्चीत आडवी ठेवली, दिवा खाली ओढला, डोळ्याला भिंग लावलं आणि सवयीने म्हणाला, “दुखलं तर हात वर करा.” मी हात वर केला. (दुखत होतंच.) धार त्याने सुरेख लावली, पण एका दाढेएवढ्या जागेला. बाकीची पुढच्या खेपेला, म्हणाला. दोन-तीनदा यावं लागेल, आणि तोपर्यंत तिने कडक काही कापू नये.

शेवटी मी तुझं धारेचं चाक स्वतः चालवलं. हत्याराची पाठ चाकावर टेकवली, मनगट फिरवलं, तू फिरवायचीस तसं, निदान मला आठवतं तसं. ठिणग्या छान उडाल्या. मी खूश. बाजूला घेऊन पाहतो तो पटाशीचं टोक मोराच्या मानेसारखं निळं झालेलं. दिसायला इतकं सुंदर होतं की मी भावजयीला दाखवायला नेलं. काम मात्र ते लोण्यावरसुद्धा करेना. त्या दिवशी मी तुला फोनवर विचारलं, लोखंड निळं का होतं गं. तू फक्त एवढंच म्हणालीस, “चाकावरचा डबा भरला होतास का?” आणि तुझी व्यायामाची वेळ झाली. चाकावर एक भोक पाडलेला डबा टांगलेला असतो आणि त्यातून थेंब थेंब पाणी पडून लोखंड गार राहतं, हे इतकी वर्षं त्या चाकाशेजारी बसूनही मला ठाऊक नव्हतं. आयुष्यभर शहराला पाणी पुरवण्याच्या फायली हलवल्या, आणि घरात एका डब्याला पाणी पुरवलं नाही.

असो. निळा भाग घासून काढला, पटाशी बोटभर आखूड झाली, धार कशीबशी आली. आता काठी. मी मोबाइलवर कातकामाचे व्हिडिओ पाहिले. एक दाढीवाला माणूस आहे, कुठल्या देशातला ते कळत नाही, पण त्याचं वर्कशॉप आपल्या घरापेक्षा स्वच्छ आहे. तो लाकूड अडकवतो, हसतो, हत्यार टेकवतो, आणि चहा गाळावा इतक्या सहज काठी तयार होते. त्याला धार लावताना मी कधी पाहिलं नाही. त्याच्या मागे कुणी उभं आहे का हेही दिसत नाही, कारण कॅमेरा त्याच्या तोंडावर असतो. (त्याचीही कुणी ताई असावी, असा मला दाट संशय आहे.)

कारण ताई, पलंगाचा पाय कातणं वेगळं आणि काठी कातणं वेगळं. पलंगाचा पाय जाड आणि बुटका. दोन टोकांना धरला की मुकाट्याने फिरतो. काठी लांब आणि सडपातळ. तिची दोन टोकं लेथमध्ये पक्की धरली की टोकं गप्प राहतात आणि मधला भाग थरथरायला लागतो. पटाशी टेकवली की लाकूड मागे पळतं, पटाशी उचलली की अंगावर येतं; काठी गुळगुळीत व्हायच्या ऐवजी तिच्यावर मळसूत्रासारखे वळसे उमटतात, आणि जेवढी बारीक करत जावं तेवढी थरथर वाढते. म्हणून पहिल्या काठीला मी टोकांकडून बारीक करत आणलं आणि मधे हातच लावला नाही. घूस गिळून पडलेल्या अजगरासारखी काठी झाली. भावजयीने ती माझ्या शेजारी उभी करून पाहिली आणि म्हणाली, “बरोबर आहे. करणाऱ्यावर गेलीय.”

त्यानंतर घरातल्या दांड्या संपत गेल्या. आधी फरशी पुसायच्या दांडक्याची काठी केली (मोडली), मग पडद्याची दांडी (मोडली), मग कपडे वाळत घालायची लांब दांडी (तिच्या दोन झाल्या असत्या, पण चार तुकडे झाले). पडदा सध्या खिळ्यांना बांधलेला आहे, कपडे कपाटाच्या मुठींवर वाळतात. या मुठी किती उपयोगी आहेत हे तेवढ्यापुरतं सिद्ध झालं. भावजय परवा दारात उभी राहून म्हणाली, “आता या घरात उभं असं फक्त मीच उरले आहे. लेथवर चढवायच्या आधी सांगा.”

आता मला खरा प्रश्न पडला, आणि तो फार उशिरा पडला हे मान्य करतो. आपल्याकडे लाकूड कधी थरथरलंच कसं नाही? तुझ्या लग्नातला तो जिन्याचा कठडा आठव. आप्पांना ताप होता आणि सगळे गज आपण दोघांनी कातले. अंगठ्याएवढे बारीक गज, आणि एकावरही वळसा नाही. (वरपक्षाने नवरीला नीट पाहिलंसुद्धा नाही, सगळे जिना बघत होते.) मी पुढे होतो. तू लेथच्या मागे होतीस, तळहातावर चामड्याचा तुकडा बांधून, आणि फिरत्या लाकडाला मधोमध मागून हात टेकवून उभी. मी पटाशी डावीकडून उजवीकडे नेली की तुझा हात पलीकडून तसाच सरकत यायचा. मी दाबलं की तू तेवढंच दाबायचीस. मी सोडलं की सोडायचीस. कधी मला ‘थांब’ म्हणाली नाहीस, कधी ‘हळू’ म्हणाली नाहीस. आणि मी तुझ्या हाताकडे कधी पाहिलंही नाही, कारण आप्पांचा दंडक होता, नजर धारेवरून हलवायची नाही. त्यामुळे मला लाकडाची पुढची बाजू तोंडपाठ आहे आणि मागे काय चालायचं याचा गंधही नाही.

पण हात म्हणजे काय, कुणाचाही लावावा, असं मी स्वतःला समजावलं. प्रथम उलटी खुर्ची मागे ठेवून तिच्या दोन पायांमध्ये दोरी बांधली, दोरीवर लाकूड टेकवलं. दोरीला धूर यायला लागला. मग भावजयीला उभं केलं. तिचा हात चांगला आहे, पण तो जागेवर राहत नाही. ती बोलते, आणि बोलताना तिला हात लागतो. “अहो, ते बघा,” म्हणून तिने खिडकीकडे बोट दाखवलं आणि लाकडाने लगेच संधी साधली. मग डॉक्टर आला. हात स्वच्छ धुऊन, हाताला काही न घालता, शिकलेल्या माणसाच्या ऐटीत मागे उभा राहिला. पण ताई, त्याच्या हाताला सवय ओढायची. त्याने बोटं टेकवली, लाकूड थोडं थरथरलं, आणि त्याला वाटलं आता हलायला लागलंय, येईल; त्याने झटका देऊन ओढलं. आलं. दोन्ही टोकांसकट आलं.

मधे एकदा मी शहाणपणा म्हणून दोन आखूड काठ्या कातल्या आणि मधोमध स्क्रूने जोडल्या. आखूड लाकूड थरथरत नाही, हा माझा विचार; तो बरोबरही होता. भावजय ती धरून फाटकापर्यंत चालत गेली. खालचा अर्धा भाग गटाराच्या जाळीत उभा राहिला आणि वरचा अर्धा हातात घेऊन ती, छत्री हरवलेल्या माणसासारखी, परत आली. मला काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा मी घाबरतो. संध्याकाळी एवढंच म्हणाली, “हीच काठी ताईंच्या हातात असती तर?” त्या रात्री मी जोडाच्या काठीचे दोन्ही तुकडे सरपणात टाकले.

मग माळ्यावर चढलो. (शिडी धरायला भावजय, भावजयीला धरायला भिंत.) आप्पांनी जुन्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले दोन तुकडे तुला आठवतात? सरळ रेषांचे, गाठ नाही, चीर नाही, इतकी वर्षं वाळलेले. ‘चांगल्या कामाला’ म्हणून ठेवलेले, आणि त्यांच्या मते चांगलं म्हणावं असं काम त्यांच्या हयातीत आलंच नाही. त्यातला एक मी आज सकाळी चढवला. आप्पा शिकवायचे तसं केलं: आधी हत्याराची पाठ लाकडाला टेकवायची, मग मूठ हळू वर उचलत धार लाकडाला भिडवायची. रिबीन निघाली. खरी रिबीन, ताई, कोपरापर्यंत लांब. वरची मूठ छान झाली, तुझ्या हाताला बसेल अशी. डोळे मिटून ती तू धरली आहेस असं पाहून कातली. (लेथवर डोळे मिटायचे नसतात. तेवढ्यापुरते मिटले.) खालचं टोक झालं. आणि मग मधला भाग. मी पटाशी तिकडे नेली, मागे पाहिलं, मागे भिंत. लाकूड थरथरलं, मी जरा जास्त नेट लावला, कारण धार गेलेली होती, आणि पुढचं तुला डॉक्टरच्या खिडकीपासून ठाऊकच आहे.

दुसरा तुकडा उरला आहे. त्याला हात लावायची माझी हिंमत नाही.

टेम्पो गुरुवारी येणार आहे. भाचीने पुन्हा आठवण केली म्हणून आज दुपारी मी तुझ्या खोलीत सामान बांधायला गेलो. तुझ्या साड्यांच्या घड्या उचलल्या आणि होत्या तिथेच परत ठेवल्या. घड्याळ काढलं, ते बंद पडलंय, त्याला किल्ली द्यायची कुणाला आठवण नव्हती. किल्ली दिली आणि परत लावलं. अशा रीतीने दोन तास सामान बांधलं आणि खोली जशीच्या तशी राहिली. दाराच्या मागे खुंटीला तो चामड्याचा तुकडा अजून लटकतो आहे. काळा पडलाय, आणि मधोमध तुझ्या तळव्याच्या आकाराचा खळगा झालाय. मी हातावर बांधून पाहिला. माझ्या हाताला बसत नाही. माझ्या तळव्याला जिथे उंचवटा आहे तिथे तुझ्या तळव्याला खळगा, आणि तुझा उंचवटा माझ्या खळग्यात. बराच वेळ तसाच बांधून बसलो होतो. भावजय चहा घेऊन आली, तीन कप, आणि दोन ठेवून गेली. एक माझा आणि एक कुणाचा ते तिने सांगितलं नाही.

तेव्हा ताई, एवढंच कर. एक कार्ड टाक आणि त्यावर नीट लिहून कळव, की मागून हात किती दाबायचा. अंगठा वर ठेवायचीस की खाली? पटाशी पुढे सरकायच्या आधी हात सरकवायचीस की नंतर? आणि थरथर सुरू होणार हे तुला माझ्या आधी कसं कळायचं? मुद्देसूद लिही. मी भावजयीला वाचून दाखवीन आणि ती हात लावेल. बोलणार नाही असं तिने कबूल केलं आहे (ते तू खरं मानू नकोस).

बाकी ठीक. नातवंडांना आशीर्वाद, भाचीला मामाचे आशीर्वाद आणि थोडा रागही. खुब्याला जप. न्हाणीघरात चप्पल घालून जात जा.

तुझा
धाकटा

ता.क. मी तुला बोलावतो आहे असा या पत्राचा अर्थ काढू नकोस. तिथे तुला काही कमी नाही, हे मला दिसतं. लिफ्ट आहे, गरम पाणी आहे, लेक आहे. इथे काय आहे? दोन पायऱ्या, एक चाक, आणि आम्ही दोघं. त्यातली एक पायरी मी काढून उतार केला आहे, पण तो माझ्या कंबरेसाठी. दोन्ही बाजूंना कठडा बसवलाय तोही माझ्यासाठीच. (गज आखूड आणि जाड आहेत. ते एकट्याला जमतात.)

ता.क. दुसरा. भावजयीला चष्मा सापडला. हे सगळं वाचून ती आधी हसली, मग डोळे पुसायला चष्मा काढून बसली, आणि मग माझ्यावर उखडली. म्हणाली, “किती दाबायचं हे कार्डावर लिहून कळत असतं तर तुम्ही कशाला ताईंच्या नावाने हाका मारत बसला असता?” पुढे तिने जे सांगितलं ते मला सहा महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं. भाचीचं आणि तिचं माझ्या पाठीमागे फोनवर बोलणं होतं. भाचीने बाजारातून घडीची, हलकी, खाली रबर लावलेली चांगली काठी केव्हाच आणून दिली आहे म्हणे, आणि तू ती दाराच्या मागे ठेवली आहेस. रोज तुला म्हणतात, धर आणि चाल. आणि तू रोज म्हणतेस, “माझी काठी यायची आहे.” ताई, मी इतके दिवस समजत होतो की तुला भिंत सुटत नाही. तू काठीची वाट बघत बसली होतीस होय? अगं मग एकदा फोनवर म्हणायचंस! व्यायामाची वेळ झाली होती तरी म्हणायचंस.

ता.क. तिसरा, आणि हा भाचीला वाचून दाखवू नकोस. टेम्पोवाल्याशी माझं बोलणं झालं आहे. गुरुवारी टेम्पोत तुझं सामान चढणार नाही. ते जागच्या जागी आहे आणि घड्याळ चालू आहे. लेथ चढेल. त्याच्याबरोबर धारेचं चाक, भोकाचा डबा, पटाश्या, आप्पांचा उरलेला तुकडा, चामडं आणि आप्पांचं उंच स्टूल. त्या स्टुलावर बसलं तर मागून हात बरोबर लाकडाच्या उंचीला येतो, उभं राहायला नको. मी बसून पाहिलं आहे. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी मी, आणि माझ्या शेजारी तुझी भावजय, कारण तिला तुझ्याशी सहा महिन्यांचं भांडायचं आहे. तेव्हा माझं खरं मागणं एवढंच, की भाचीच्या गॅलरीची लांबी मोज. लेथ लांबीला तुझ्याएवढा आहे. (तू उभी राहून मोज. भिंतीला धरून का होईना.) कुंड्या असतील तर सरकवायला सांग, आणि कुणी कारण विचारलं तर मामा भेटायला येतोय म्हण, ते खोटं नाही.

गुरुवारी रात्री पोचू. शुक्रवारी सकाळी आधी तू धार लावायचीस, मग तुकडा चढवायचा. मी पुढून, तू मागून. दुपारपर्यंत काठी व्हायला हवी. संध्याकाळी तू ती धरून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचंस. मी तुझ्या मागे असेन, हात लावणार नाही, पण असेन. टेम्पोवाला विचारत होता, “काका, परतीला माल काय?” मी म्हटलं, लेथ आहेच, बाकीचं शुक्रवारी ठरेल. त्याने पुढची एक जागा रिकामी ठेवली आहे, पाय पसरता येतील अशी, आणि तो शनिवार सकाळपर्यंत थांबणार आहे.